'बिस्त्रो'ची जन्मतारीख

पॅरिसच्या उत्तर भागात मोंमार्त्र नावाची टेकडी आहे. टेकडीच्या माथ्यावर एक लहानसा चौक आहे. चित्रकार आणि प्रवासी यांनी तो सदैव गजबजलेला असतो. या चौकात 'ला मेर कातरीन', म्हणजे 'कातरीन आई', या नावाचे एक जुने उपाहारगृह आहे आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर एक पाटी आहे. ३० मार्च १८१४ रोजी कोसॅक सैनिकांनी आपला तो सुप्रसिद्ध 'बिस्त्रो' शब्द प्रथम येथे उच्चारला आणि आजच्या बिस्त्रोंचा मूळपुरुष या टेकडीवर जन्मला, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर आहे. पाटी या घटनेच्या १८० व्या वर्षाची, म्हणजे १९९४ सालची आहे.

बिस्त्रो म्हणजे फ्रान्समधले साधे, घरगुती वळणाचे खाण्यापिण्याचे ठिकाण. पाच-दहा टेबले, एका बाजूला उभ्याने पेला रिकामा करण्यासाठी लांब काउंटर, फळ्यावर खडूने लिहिलेले आजचे पदार्थ आणि बहुधा स्वतः मालकच गल्ल्यावर. पोशाखाची, अदबीची चिंता नाही. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून आता या नावाची ठिकाणे निघाली आहेत. अर्थात मूळच्या बिस्त्रोचा स्वस्तपणा तेवढा प्रवासात गळून पडला आहे.

पाटीवरची गोष्ट थोडक्यात अशी. नेपोलियनचा पाडाव करून रशियन फौजा पॅरिसमध्ये आल्या. सैनिकांना उघडपणे दारू पिण्याची बंदी होती. अधिकाऱ्याची नजर चुकवून ते गुत्त्यात शिरत आणि मालकाला घाई करीत, 'बिस्त्रो! बिस्त्रो!' रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'लवकर, झटपट'. ऐकून ऐकून पॅरिसच्या लोकांनी झटपट खाण्यापिण्याच्या जागेलाच ते नाव दिले.

गोष्ट मोठी गोड आहे. प्रवासवर्णनांत ती असते, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत असते, वाटाडे तर ती रोज सांगतात. रशियन माणसाला ती सांगताना अभिमान वाटतो आणि फ्रेंच माणसाला गंमत वाटते. वर्गात सांगायलाही ती झकास. फक्त ती खरी असावी असे मानायला जागा नाही. ती का नाही, हे कसे कळते, ते आम्ही येथे थोडे सविस्तर सांगणार आहोत. कारण शब्दाचा उगम शोधण्याची रीत आणि प्रयोगशाळेत एखादे विधान तपासण्याची रीत यांत फारसा फरक नाही.

प्रथम गोष्टीच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. रशियन सैन्य पॅरिसमध्ये आले होते, यात शंका नाही. ३० मार्च १८१४ रोजी पॅरिसच्या वेशीवर लढाई झाली. मोंमार्त्रची टेकडी रशियाच्या सेवेतल्या लांजरों नावाच्या सेनापतीच्या तुकड्यांनी त्या दिवशी दुपारनंतर चढून घेतली. (हा लांजरों जन्माने फ्रेंच, पॅरिसचाच, क्रांतीनंतर देश सोडून गेलेला.) शरणागतीच्या करारावर त्या रात्री, म्हणजे ३१ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास सह्या झाल्या आणि ३१ मार्चला झार पहिला अलेक्झांडर आणि प्रशियाचा राजा यांनी शहरात प्रवेश केला. कोसॅकांनी शांझेलिझेच्या रस्त्याकडेच्या झाडीत तळ ठोकला. त्यांची त्या वेळी काढलेली चित्रे आजही पाहायला मिळतात. सैनिक होते, गुत्तेही होते. मोंमार्त्र त्या काळी पॅरिस शहरात मोडत नसे. ते १८६० साली शहरात आले. शहराभोवती जकातीची भिंत होती आणि भिंतीबाहेर दारूवर शहराची जकात बसत नसे. त्यामुळे वेशीबाहेरच्या या गावांत स्वस्त दारूच्या दुकानांची दाटी होती. तहानलेला कोसॅक तेथे गेला नसेल, असे कोण म्हणेल?

तरीही पाटीवरच्या तारखेकडे नीट पाहावे. ३० मार्च हा लढाईचा दिवस आहे. टेकडी पडली ती दिवस कलताना. त्याच संध्याकाळी सैनिकांनी टेबलाशी बसून मालकाला घाई केली, ती शब्दप्रेमी शेजाऱ्यांनी ऐकली आणि नेमकी तारीख ध्यानात ठेवली, असे आपण मानायचे. आमच्या अनुभवात, अशी फारच नेमकी तारीख दिसली की सावध व्हावे. मोजमापाच्या साधनाला एक सेंटिमीटरपर्यंतच वाचता येत असताना कुणी दशांश चिन्हानंतर तीन आकडे लिहून आणले, तर आपण त्या विद्यार्थ्याला विचारतोच ना, की हे तुला दिसले कसे?

आता मुख्य तपासणी. शब्द १८१४ साली जन्मला असेल, तर तो १८१४ नंतर केव्हातरी कागदावर दिसायला हवा. केव्हा दिसतो?

फ्रेंच कोशकारांना सापडलेली 'बिस्त्रो'ची सर्वांत जुनी छापील नोंद १८८४ सालची आहे. ती ज्या पुस्तकात आहे त्याचे लेखक पाद्री मोरो. पॅरिसच्या ला रोकेत तुरुंगात ते कैद्यांचे धर्मोपदेशक होते. 'लहान रोकेत' हा बालगुन्हेगारांचा तुरुंग आणि 'मोठी रोकेत' हा मोठ्यांचा. फाशीची शिक्षा झालेलेही तेथेच असत. या दोन तुरुंगांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या आणि त्यांत कैद्यांच्या तोंडचे शब्द आले. म्हणजे आज महागड्या भोजनगृहांच्या दारावर झळकणारा हा शब्द आपल्याला प्रथम भेटतो तो तुरुंगात.

१८१४ ते १८८४. मधे सत्तर वर्षे आहेत. या सत्तर वर्षांत शब्द कुठे होता?

येथे कुणी चांगला विद्यार्थी हरकत घेईल आणि ती घ्यायलाच हवी. गुत्त्यातला शब्द पुस्तकात कसा येणार? बोलण्यात असेल, लिहिण्यात नसेल. एखादी गोष्ट सापडली नाही एवढ्यावरून ती नव्हतीच, असे म्हणता येते का?

उत्तर असे, की ते आपण कुठे शोधतो यावर अवलंबून आहे. अंधाऱ्या खोलीत किल्ली दिसली नाही, तर किल्ली नाही असे ठरत नाही. पण दिवा लावून, कपाटे रिकामी करून, चार माणसांनी कानाकोपरा पाहिला आणि तरी ती मिळाली नाही, तर ती त्या खोलीत नाही असे म्हणायला हरकत नसावी. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची बोली ही अंधारी खोली नव्हती. चोरांची, कामकऱ्यांची, गुत्त्यांतली भाषा टिपून घेण्याचा तेथे लेखकांना जणू छंदच जडला होता. विदोक हा आधी गुन्हेगार आणि मग पोलीस झालेला गृहस्थ. त्याने १८३७ साली चोरांच्या भाषेचा कोश छापला. ह्यूगोने 'ले मिझेराब्ल' या १८६२ च्या कादंबरीत या गुप्त बोलीसाठी एक आख्खा भाग खर्ची घातला. आल्फ्रेद देल्वो या लेखकाने त्याच वर्षी पॅरिसच्या कॅफे आणि गुत्त्यांचा इतिहास सांगणारे पुस्तक काढले आणि १८६६ साली बाजारू बोलीचा कोश. एमिल झोलाची 'लासोम्वार' ही कादंबरी १८७७ सालची. तिचे नाव एका गुत्त्याचे, तिची माणसे त्या गुत्त्यात बुडालेली आणि तिची भाषा त्या गुत्त्यातली.

यांपैकी एकाही ठिकाणी 'बिस्त्रो' असता, तर कोशांतली पहिली नोंद १८८४ ची राहिलीच नसती. ती १८७७, १८६२ किंवा १८३७ ची झाली असती. फ्रेंच कोशकार जुन्या नोंदींच्या शोधात किती चिवट असतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वाक्याचे वजन कळेल. गुत्ता आणि गुत्तेवाला यांच्यासाठी दुसरे शब्द या काळात भरपूर आढळतात. 'काबारे' आहे, 'गँगेत' आहे, दारू विकणाऱ्यासाठी 'मास्त्रोके' हा बोलीतला शब्द आहे. नाही तो फक्त 'बिस्त्रो'. दिवा लावून शोधले आहे, आणि किल्ली नाही.

याउलट, १८८४ च्या आसपास काय घडत होते ते पाहण्यासारखे आहे. १८५१ च्या अखेरीस निघालेल्या फर्मानामुळे फ्रान्समध्ये दारूचे दुकान उघडायला सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. गुत्ता म्हणजे राजकीय कुजबुजीची जागा, अशी राज्यकर्त्यांना धास्ती होती. १७ जुलै १८८० च्या कायद्याने ही अट गेली आणि नुसते कळवले की पुरे झाले. दुकाने भराभर वाढली. शब्द छापील कागदावर येतो तो त्यानंतर चार वर्षांनी. यावरून कायद्यामुळे शब्द जन्मला असे सिद्ध होत नाही. पण गल्लोगल्ली नव्याने उभ्या राहिलेल्या लहान दुकानदारांना लोक काही नाव देणारच, एवढे समजते. सत्तर वर्षांपूर्वीच्या सैनिकांना त्यासाठी बोलावून आणण्याची गरज पडत नाही.

'दुकानदारांना' असे आम्ही मुद्दाम म्हटले. कारण दुसरा पुरावा शब्दाच्या अर्थात दडलेला आहे, आणि आम्हांला तो तारखेहूनही अधिक बोलका वाटतो. १८८४ च्या नोंदीत 'बिस्त्रो' म्हणजे जागा नव्हे. 'बिस्त्रो' म्हणजे माणूस. दारूचे दुकान चालवणारा माणूस. त्याच्या बायकोला, किंवा दुकान चालवणाऱ्या बाईला, 'बिस्त्रोत' असे स्त्रीलिंगी रूपही पुढे झाले. माणसाचे नाव जागेला लागले ते नंतर.

हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. 'चल, इराण्याकडे बसू' असे मुंबईकर म्हणतो, तेव्हा इराणी म्हणजे माणूस की हॉटेल? आधी माणूस होता. इराणातून आलेल्या माणसांनी नाक्यानाक्यावर चहाची दुकाने थाटली. लोक 'इराण्याकडे' जाऊ लागले आणि बघता बघता 'इराण्यात बसलो होतो' असे म्हणू लागले. 'कडे'चा 'त' झाला, त्या क्षणी माणसाची जागा झाली. 'उडप्या'चेही तेच. उडुपी हे गाव, उडपी हा तेथून आलेला माणूस आणि मग उडपी म्हणजे इडली-डोसा मिळण्याचे ठिकाण. एका प्रत्ययात केवढे स्थलांतर सामावलेले असते पाहा.

आता पाटीवरची गोष्ट या अर्थापुढे ठेवू. 'लवकर' या शब्दावरून 'झटपट खाण्याची जागा' असा अर्थ निघू शकतो, हे ओढूनताणून का होईना पटते. पण 'लवकर'वरून 'दारू विकणारा माणूस' कसा निघणार? गोष्ट रचणाऱ्याला बिस्त्रोचा आजचा अर्थ माहीत होता, पहिला माहीत नव्हता. म्हणून त्याची किल्ली आजच्या कुलपाला बसते, जुन्या कुलपाला बसत नाही. लोकांनी मागाहून जुळवलेल्या व्युत्पत्तींची ही एक ओळखण्याची खूणच आहे. शिवाय खऱ्या बिस्त्रोत झटपट असे काही नसते. माणसे तेथे तासन् तास बसतात.

उच्चाराचाही मुद्दा काढला जातो. रशियन शब्दात जोर पहिल्या अक्षरावर आहे आणि जोर नसलेला शेवटचा 'ओ' हा प्रमाण रशियन भाषेत 'अ'च्या जवळ जातो. म्हणजे कानाला ऐकू येते ते 'बीस्त्र' किंवा 'बीस्त्रा' असे काहीतरी. फ्रेंच शब्दात मात्र शेवटचा 'ओ' ठसठशीत आहे. शब्द कानावाटे आला असेल तर 'ओ' कुठून आला? तो तर फक्त लिहिताना दिसतो, आणि पॅरिसचे गुत्तेवाले रशियन लिपी वाचत नव्हते. उत्तर रशियातल्या काही बोलींत हा 'ओ' स्पष्ट उच्चारतात, हे खरे. डोन नदीकाठच्या कोसॅकांच्या बोलीत तो 'अ'कडे झुकतो. हा पुरावा आम्ही दुय्यम धरतो. एका भाषेतला शब्द दुसरीत जाताना ध्वनी पुष्कळदा मोडतात, त्यामुळे केवळ उच्चारावर निकाल देऊ नये. तारीख आणि अर्थ या दोहोंच्या जोडीला तो तिसरा साक्षीदार म्हणून उभा राहतो, इतकेच.

त्याच उच्चाराची एक गमतीची बाजू मात्र सांगायलाच हवी. रशियन भाषेत आज दोन्ही शब्द आहेत. 'लवकर' या अर्थाच्या शब्दाचा पहिला स्वर आपल्या 'इ'सारखा नाही. जीभ मागे ओढून काढलेला तो एक खास रशियन स्वर आहे आणि त्याला स्वतंत्र अक्षर आहे. उपाहारगृह या अर्थाचा 'बिस्त्रो' रशियन लोक साध्या 'इ'च्या अक्षराने लिहितात, शेवटच्या 'ओ'वर जोर देतात आणि परक्या शब्दांप्रमाणे त्याला विभक्तीचे प्रत्यय लावत नाहीत. म्हणजे रशियन भाषेने तो फ्रेंचमधून उसना घेतला आणि उसना म्हणूनच वापरला. १९९५ साली मॉस्कोत पिरोश्की आणि क्वास विकणाऱ्या दुकानांची एक साखळी सुरू झाली. अमेरिकी धर्तीच्या झटपट खाण्याला देशी उत्तर देण्याचा तो प्रयत्न होता. तिचे नाव 'रशियन बिस्त्रो' असे ठेवले, आणि ते फ्रेंच धाटणीच्या अक्षरांत लिहिले.

मग शब्द खरोखर आला कुठून? उमेदवार तीन-चार आहेत. पश्चिम फ्रान्समधल्या प्वातू प्रांताच्या बोलीत 'बिस्त्रो' याच उच्चाराचा, पण निराळ्या स्पेलिंगचा, एक शब्द आहे. त्याचा अर्थ हरकाम्या पोरगा. दारूवाल्याच्या हाताखालचा पोरगा, आणि मग दारूवाला, असा अर्थाचा प्रवास झाला असावा, असे काही कोशकार सुचवतात. उत्तर फ्रान्समध्ये कॉफीत दारू घालून केलेल्या पेयाला किंवा हलक्या दारूला 'बिस्तुय' म्हणतात, त्याच्याशीही नाते जोडले जाते. 'बिस्तँगो' असा गुत्त्यासाठी आणखी एक बोलीतला शब्द आहे. शेवटच्या 'ओ'चे तर काहीच गूढ नाही. शब्द अर्ध्यावर तोडून किंवा त्याला 'ओ'ची शेपटी लावून बोलणे ही पॅरिसच्या बोलीची जुनी खोड आहे. घरमालकाला 'प्रोप्रियो', सरदार-दरकदाराला 'आरिस्तो', हे त्याच टांकसाळीतले. प्रामाणिक कोश 'बिस्त्रो'पुढे 'व्युत्पत्ती अनिश्चित' असे लिहितात आणि प्वातूच्या पोरग्याकडे बोट दाखवतात. आमचाही कल तिकडेच आहे, कारण तो उमेदवार माणसापासून सुरू होतो.

या निमित्ताने ती माणसे कोण होती, तेही पाहू. पॅरिसच्या लहान दारूवाल्यांत एकोणिसाव्या शतकात एका प्रांताचे लोक फार होते. मध्य फ्रान्समधला ओव्हेर्न्य हा डोंगराळ, गरीब प्रांत. तेथली माणसे पॅरिसला आली ती आधी पाणके म्हणून. बादल्या खांद्यावर घेऊन मजले चढायचे काम. पुढे ती लाकूड आणि कोळसा विकू लागली. नवरा कोळशाची पोती घरोघर पोचवी आणि बायको दुकानाच्या एका कोपऱ्यात दारूचे पेले भरून देई. अशा दुकानदाराला पॅरिसकर 'बुन्या' म्हणत. कोळसेवाला या अर्थाचा फ्रेंच शब्द आणि 'ओव्हेर्न्यचा' हा शब्द यांची थट्टेने केलेली ती मोडतोड आहे. कोळशाची गरज संपत गेली तसा दारूचा कोपरा वाढला, त्याला खाण्याची जोड मिळाली. पॅरिसमधल्या कितीतरी नामांकित कॅफेंची मालकी पुढे याच प्रांताच्या लोकांकडे गेली. मुंबईच्या हॉटेल-धंद्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

पाटीबद्दलची आमची खरी तक्रार येथे आहे. ती चुकीची आहे एवढ्यावर भागत नाही. ती कुणाची तरी जागा अडवून बसली आहे. कोळशाने काळ्या झालेल्या त्या जोडप्याला कुणी पाटी लावत नाही. विजयी फौज, झार, कोसॅक यांची गोष्ट मात्र दगडावर कोरली जाते. शब्द सामान्य माणसांनी घडवला आणि श्रेय चार दिवसांच्या पाहुण्यांना मिळाले.

आणि एकदा कोरली, की गोष्टच पुरावा होऊन बसते. पाटी पाहून प्रवासी लिहितो, प्रवाशाचे वाचून संपादक छापतो, छापलेले पाहून पुढचा प्रवासी पाटीशी उभा राहून छायाचित्र काढतो. या साखळीत साक्षीदार शंभर दिसतात, पण सगळ्यांचे ऐकणे एकाच तोंडचे असते. साक्षीदार मोजायचे नसतात. त्यांची मुळे स्वतंत्र आहेत का, ते पाहायचे असते. १८१४ सालचा एखादा कागद, एखादी रोजनिशी, एखादे पत्र कुणी या गोष्टीच्या बाजूने पुढे ठेवलेले नाही.

'बिस्त्रो' यात एकटा नाही. 'रेस्तराँ' या शब्दाचेच घ्या. अठराव्या शतकात त्याचा अर्थ होता अशक्त माणसाला तरतरी आणणारे, मांस उकळून काढलेले सत्त्व. ते पाजणाऱ्या जागेला मग तेच नाव पडले. हे ठीक आहे. पण त्याच्या मागे १७६५ सालच्या कुणा बुलांजे नावाच्या दुकानदाराची आणि त्याने जिंकलेल्या खटल्याची एक गोष्ट दीडशे-दोनशे वर्षे सांगितली जात होती. रिबेका स्पँग या इतिहासकार बाईंनी २००० साली आपल्या ग्रंथात दाखवले, की त्या खटल्याचा दफ्तरांत मागमूस नाही. कागदपत्रे बोट दाखवतात ती रोझ द शांत्वाझो नावाच्या एका उद्योगी गृहस्थाकडे. बिस्त्रोतल्या काउंटरला फ्रेंच लोक 'झँक' म्हणतात, म्हणजे जस्त. त्या काउंटरांवरचा पत्रा मात्र पुष्कळदा जस्ताचा नसून कथिलाच्या मिश्रधातूचा असतो! शब्दावर विसंबून धातू ठरवू नये आणि गोष्टीवर विसंबून इतिहास.

शिक्षक मित्रांना हे वर्गात करून पाहता येईल, आणि त्यासाठी फ्रेंच यायला नको. पावाला 'पाव' का म्हणतात, असे विचारा. कुणीतरी सांगेल, पीठ पायाने मळत म्हणून. कुणी म्हणेल, लादीचा चौथा हिस्सा म्हणून. दोन्ही गोष्टी गल्लीत प्रचलित आहेत. मग मुलांना सांगा, की पोर्तुगीज भाषेत पावाला 'पांव'च्या जवळचा, नाकात उच्चारलेला शब्द आहे. गोव्यात पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात आणि तोही पोर्तुगीजच. पण उत्तर सांगून थांबू नका. तपासणी करायला लावा. पोर्तुगीज आणखी कुठे गेले होते? जपानात. जपानी लोक पावाला काय म्हणतात? 'पान'. जपानीत 'पाव' म्हणजे पायही नाही आणि चौथा हिस्साही नाही. प्रयोगशाळेत ज्याला आपण नियंत्रण म्हणतो, ते येथे आयते हाती लागते. पायाने मळत असत की नसत, हा प्रश्न मग वेगळा उरतो; शब्दाशी त्याचा संबंध राहत नाही.

तारखेची तपासणीही मराठीत करता येते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळातले आणि पुरवणी १९५० ची. दोन्ही कोश पुष्कळ शाळांच्या नाहीतर गावच्या वाचनालयांत असतात. 'खाणावळ', 'हॉटेल', 'उपाहारगृह', 'भटारखाना', 'उडपी', 'इराणी' असे दहा शब्द मुलांना वाटून द्यावेत. कोणता शब्द १८५७ च्या आधी सापडतो, कोणता १९५० पर्यंत येतो आणि कोणता तोपर्यंत नाहीच, याचा तक्ता करावा. शब्द सापडला तर अर्थ जागेचा दिला आहे की माणसाचा, तेही टिपून घ्यावे. मुलांना एवढे मात्र आधी सांगून ठेवावे, की कोशातले साल हा शब्दाचा जन्मदिवस नव्हे. त्या सालाच्या आधी तो केव्हातरी जन्मला होता, एवढेच ते सांगते. गावातल्या सर्वांत जुन्या हॉटेलच्या मालकाकडे दोन मुले पाठवून, त्यांच्या आजोबांच्या वेळी गिऱ्हाईक त्या जागेला काय म्हणत असे, हे विचारून घेतले तर तक्त्यात आणखी एक रकाना भरता येईल. मालकाने सांगितलेली गोष्ट आणि कोशातली नोंद जुळली नाही, तर त्या तासाला वेळ कमी पडेल.